आमची हरकत नाही

सांगली,
रविवार, ८ सप्टेंबर १९९६

चि. स्वानंदीस अनेक आशीर्वाद.

आज मंडळाची कासची सहल झाली. पहाटे ठरवलेली एसटी निघाली, साताऱ्यात चहा झाला आणि सकाळीच पठारावर पोचलो. धुकं होतं, पाऊस भुरभुर. फुलं चांगली होती. तेरडा खूप, सीतेची आसवं त्याहून जास्त. दुपारी गाडीतच पोळी-भाजी खाल्ली आणि अंधार पडता पडता परत आलो.

भाऊसोंनी अध्यक्ष म्हणून नेहमीप्रमाणे गाडीत डोंगर-माळ राखण मंडळाचे नियम सांगितले. फूल तोडायचं नाही, कागद टाकायचा नाही, मोठ्याने गायचं नाही. आणि लगेच स्वतःच एक नाट्यपद सुरू केलं. पठारावर मिरजेच्या एक नवीन सभासद नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, इथे बसते, फोटो काढा," आणि फुलांतच बसल्या. मी म्हटलं, "बाई, तुम्ही बसलात तिथे फुलं होती." त्या म्हणाल्या, "म्हणून तर बसले!" अवधूतने त्यांना हसवून उठवलं असतं.

गेल्या डिसेंबरात तो गेल्यापासून त्याची दोन्ही कामं माझ्याकडे आहेत. सभासदांना कार्डं लिहायची आणि सहलीत शेपूट व्हायचं, म्हणजे सगळ्यांच्या मागून चालायचं, कोणी चुकलंमाकलं तर सोबत घेऊन यायचं. साठी उलटलेला माणूस शेपूट, याचं नव्या लोकांना हसू येतं. मुकुल साताऱ्याहून स्कूटरवर आला होता. वीज मंडळात त्याला बढती मिळाली. म्हणाला, "काका, धुकं दाट आहे, आज मागे मी राहतो. तुम्ही पुढे व्हा." मी नको म्हटलं. जरा तुटकपणे म्हटलं असावं, कारण नंतर तो माझ्याजवळ आला नाही.

तू येशील असं वाटलं होतं. वाईहून सातारा काय लांब नाही. मंडळाचं कार्ड पाठवलं होतं, मिळालं असेलच.

तुझ्या वडिलांचं पत्र आलं आहे. मुकुलने तुला मागणी घातल्याचं त्यांनी कळवलं आहे. आमचा होकार आल्याशिवाय तू त्यांना पुढे बोलू देत नाहीस, असंही लिहिलं आहे. तुझ्या सासूबाईंनी पत्र दोनदा वाचलं आणि माझ्या पुढ्यात ठेवलं. उत्तर मी सवडीने लिहीन. निदान वर्ष होऊ दे.

पाऊस ओसरला की एकदा इकडे येऊन जा.

बाबा

*

सांगली,
३ ऑक्टोबर १९९६

चि. स्वानंदीस अनेक आशीर्वाद.

आज माधवनगरला गिरणीतल्या एका जुन्या सहकाऱ्याला भेटून आलो. घरी आलो तर तुझं पत्र आलेलं होतं.

तू लिहिलंस की कार्ड मिळालं, येता आलं नाही, यापुढे मंडळाची कार्डं पाठवू नयेत. वाचून मला वाटलं, सहलीचं नाव काढलं की तुला त्रास होत असेल, साहजिक आहे. मी पत्र सासूबाईंकडे दिलं. त्या गवारी निवडत होत्या. म्हणाल्या, "काय लिहिलं होतंत कार्डावर?"

"सहलीचंच. ठिकाण, वेळ, डबा आणावा."

"आणि पत्ता?"

मी सांगितलं. श्रीमती स्वानंदी अवधूत, आणि पुढे आपलं आडनाव.

त्यांनी हातातली गवारी खाली ठेवली. "म्हणजे तुम्ही तिला पोस्टाने विधवा केलंत."

मी म्हटलं, "मग काय लिहायचं? सौ. लिहिणं चूक झालं असतं."

"झाली असती चूक तर झाली असती! त्यामुळे काय तुमची गिरणी बंद पडणार होती? ती आधीच पडलीय."

जेवताना एवढंच म्हणाल्या, की अवधूत गेल्यावर इतक्या बायका भेटायला आल्या, पण तो शब्द तिच्यासमोर कोणी उच्चारला नव्हता.

मी आयुष्यभर गिरणीच्या हजेरी खात्यात नावं लिहिली. कोणाच्या नावाआधी काय लावायचं यात माझ्या हातून कधी चूक झाली नाही. कार्ड लिहितानाही मी जरा थांबलो होतो. नियम काय आहे ते आठवलं आणि लिहिलं. ते वाचणार कोण आहे हे मात्र आठवलं नाही. त्यात उघडं कार्ड. पोस्टमनने वाचलं असेल, तुझ्या वहिनीने वाचलं असेल, मग तुझ्या हातात आलं असेल. नुसतं स्वानंदी लिहिलं असतं तरी पोचलं असतं. वाईत तुला कोण ओळखत नाही?

हे पत्र पाकिटातून पाठवतो आहे.

तुझ्या वडिलांना उत्तर अजून लिहिलेलं नाही. लक्षात आहे.

बाबा

*

सांगली,
२५ नोव्हेंबर १९९६

चि. स्वानंदीस अनेक आशीर्वाद.

काल मंडळाचं आवळीभोजन झालं, दंडोबाच्या डोंगराखाली नेहमीच्याच झाडापाशी. बायकांनी आवळ्याची पूजा केली, सूत गुंडाळलं, पुरुषांनी चटया घातल्या. झाडाला यंदा फळ कमी आहे. डोंगराच्या मागच्या अंगाला कोणीतरी गवत पेटवून दिलेलं दिसलं. भाऊसो म्हणाले, वनखात्याला निवेदन देऊ. मी लिहून देणार आहे.

तुझ्या सासूबाई यंदा पहिल्यांदाच आल्या. मसालेभात करून आणला होता. पंगत बसली आणि भाऊसो त्यांच्या त्या आवाजात म्हणाले, "प्रमोदिनीवहिनी, वाढा हात सैल सोडून! काय हो गंगाधरपंत, स्वानंदीचं जमवताय म्हणे? मुकुल म्हणजे हिरा आहे हिरा. कधी उडवायचा बार?"

पत्रावळींवरचे हात थांबले. भाऊसोंच्या मनात काही नसतं, तुला माहीत आहे. मी म्हटलं, "वर्ष होऊ दे."

सासूबाई भात वाढत होत्या. तिथूनच म्हणाल्या, "आणि वर्ष झाल्यावर काय होऊ द्यायचं?"

बायका हसल्या. सासूबाई हसल्या नाहीत.

जेवणानंतर मी जरा वर चढून गेलो. तू पहिल्यांदा मंडळात आलीस ती याच डोंगरावर, तुझ्या मिरजेच्या मावशीबरोबर. काही दिसलं की थांबायचीस. कोळ्याचं जाळं दिसलं, थांबलीस. वाकडा दगड दिसला, थांबलीस. अवधूत शेपूट होता आणि शेपटाला कोणाला मागे टाकून जाता येत नाही, म्हणून तोही थांबायचा. सगळ्यांचे डबे खाऊन झाले तेव्हा तुम्ही दोघं वर आलात. भाऊसो म्हणाले होते, "ही मुलगी सहलीला असली की शेपूट मुक्कामाला पोचत नाही." सगळे हसले आणि अवधूत लाल झाला. मला तेव्हाच कळायला हवं होतं, पण सासूबाईंनी घरी आल्यावर सांगेपर्यंत कळलं नाही.

पुढच्या महिन्यात त्याचं वर्षश्राद्ध आहे. तू आली नाहीस तरी चालेल. असं लिहिलं म्हणजे येऊ नकोस असा अर्थ नाही.

बाबा

*

सांगली,
१३ जानेवारी १९९७

चि. स्वानंदीस अनेक आशीर्वाद.

वर्षश्राद्धाला तू आलीस, बरं वाटलं. तेव्हा घरात इतकी माणसं होती की बोलणं झालं नाही.

काल मंडळाला घेऊन म्हसवडच्या तलावावर गेलो. गेल्या वर्षी राहून गेलेली सहल. अवधूत तिचीच जागा बघायला गेला होता आणि परत येताना ते झालं. तासगावच्या पुढे गाडी त्या वळणावर आली तेव्हा गाडीतलं बोलणं आपोआप बंद झालं. काही नाही तिथे, बाभळी आहेत. समोरून उसाची ट्रॉली गेली. मी मुद्दाम मागे वळून बघितलं. तिलाही मागे दिवा नव्हता.

म्हसवडला आधी सिद्धनाथाचं दर्शन घ्यायचंच असा बायकांचा आग्रह, त्यात वेळ गेला. तलावावर चक्रवाक भरपूर होते. नंतर दादासोच्या वस्तीवर हुरडा. दादासो आणि सुलाबाई आता मेंढरं घेऊन फिरत नाहीत, ज्वारी करतात. सुलाबाईने मला बघितल्याबरोबर विचारलं, "आवं सायेब, तुमची सून कुठं हाय? माज्या चुलीवर भाकरी थापाय बसली हुती आन् निम्मी राखंत पाडली. लय ग्वाड पोरगी."

मी म्हटलं, "वाईला असते. माहेरी."

"पोराचं कळलं आमाला. लय वाईट झालं." जरा वेळ ती कणसं भाजत राहिली. मग म्हणाली, "मग तिचं पुडं काय?"

"बघू."

"बगू? पाकरं बगा की त्या दुर्बिणीतनं. पोरीचं बगाय दुर्बीण कशाला लागती?"

दादासो म्हणाला, "गप गं. शेरातली माणसं हायती ती."

"तू गप. सायेब, ह्यो माजा पाटाचा नवरा हाय. पयला चांगला हुता, पर मेला. ह्यो काय चांगला न्हाई, पर जित्ता हाय!"

"आन् तुला हुरडा भाजून द्यायलोय ते?" दादासो म्हणाला. "ते पयल्यानं दिलतं का कवा?"

सगळे इतके हसले की भाऊसोंना ठसका लागला. मुकुलही हसला. मग त्याने माझ्याकडे बघितलं आणि हसणं थांबवलं. त्याने असं थांबायला नको होतं, असं मला आता वाटतं.

गाडीकडे परत जाताना मी मागे होतो आणि तोही माझ्यासाठी मागे राहिला. बरंच अंतर बरोबर चाललो. इकडचं तिकडचं बोलणं झालं.

सुलाबाईने तुझ्यासाठी मटकी बांधून दिली आहे. कोणी वाईला जाणारं भेटलं की पाठवतो.

बाबा

*

सांगली,
रविवार, ९ मार्च १९९७

चि. स्वानंदीस अनेक आशीर्वाद.

काल वाईहून निघालो. कराडला गाडी बदलली, रात्री घरी पोचलो. जेवलो आणि झोपलो. आज दिवसभर घरीच आहे.

काल काय झालं ते तुला ठाऊक आहे. पण मी का आलो होतो ते मी तिथे कोणालाच नीट सांगितलं नाही, म्हणून लिहितो.

मी होकार द्यायला आलो होतो. सासूबाईंनी तासगावची द्राक्षं बांधून दिली होती आणि म्हणाल्या होत्या, "चहा यायच्या आधी सांगून टाका. चहा आला की तुम्ही पावसापाण्यावर जाल." त्याप्रमाणे मी खुर्चीत बसल्या बसल्या तुझ्या वडिलांना म्हटलं, "मुकुलच्या संदर्भात आलो आहे." ते म्हणाले, "गंगाधरराव, त्याला मी जानेवारी अखेरीला नाही म्हणून कळवलं. तुमची पत्रं येत होती. कासची आली, दंडोबाची आली, म्हसवडची आली. होय-नाहीचं एक अक्षर नव्हतं. आम्ही काय समजायचं ते समजलो. गेल्या महिन्यात त्याचा साखरपुडा झाला, कराडची मुलगी आहे."

ते रागाने बोलले नाहीत. रागावले असते तर मला काहीतरी बोलता आलं असतं. मी पिशवीतली द्राक्षं काढून टेबलावर ठेवली. तेवढ्यात तू पोहे घेऊन बाहेर आलीस.

आता राहिलेलं लिहितो.

डिसेंबरात, वर्षश्राद्ध झाल्यावर, मी तुझ्या वडिलांना पत्र लिहिलं होतं. 'आमची काही हरकत नाही.' सासूबाईंनी वाचलं आणि म्हणाल्या, "हा काय रजेचा अर्ज आहे? हरकत नाही काय? आम्हाला आनंद आहे, असं लिहा." मी नवा कागद घेतला. आनंद आहे, हे लिहवेना. तेवढं खरं नव्हतं. आणि हरकत नाही एवढंच पाठवणं बरं दिसणार नाही, हे त्यांनी सांगितल्यावर मलाही पटलं होतं. बरोबर शब्द सापडला की पाठवू म्हणून राहिलं. सासूबाई रोज विचारायच्या. मी म्हणायचो, लिहितो आहे. खोटं नव्हतं ते. मनात लिहीतच होतो.

म्हसवडला मुकुल माझ्याशी इकडचं तिकडचं बोलला नव्हता. त्याने सरळ विचारलं होतं. "काका, तुम्ही नाही म्हणालात तर मी परत विषय काढणार नाही. पण काहीतरी सांगा. ती तुमच्यासाठी थांबली आहे आणि मी तिच्यासाठी." मी म्हटलं, "वर्ष होऊ दे." तो म्हणाला, "काका, वर्ष झालं." मी म्हटलं, "गाडी सुटेल, पाय उचल." गाडी आमच्याशिवाय सुटणार नव्हती. आम्ही दोघं मागे आहोत हे सगळ्यांना माहीत होतं.

तो मुलगा मला आवडत होता. अवधूतच्या जागी त्याला बघणं मला जमणार नव्हतं. दोन्ही खरं होतं आणि दोन्ही एका पत्रात कसं लिहायचं ते मला येत नव्हतं. असंच लिहून टाकलं असतं, आत्ता लिहिलं तसं, तर तुला आणि तुझ्या वडिलांना कळलं असतं. एवढं सोपं होतं.

काल स्टँडवर तू म्हणालीस की जूनपासून महाबळेश्वरच्या शाळेत नोकरी घेते आहेस, राहायची सोय तिथेच आहे. मी म्हटलं, तिथला पाऊस सोसवत नाही माणसाला, भिंतींना बुरशी धरते. तू म्हणालीस, "बघू." मग बराच वेळ आपण दोघं फलाटावरच्या त्या कलिंगडवाल्याकडे बघत उभे होतो. आणि मग तू म्हणालीस, "बाबा, तुम्ही नाही म्हणाला असतात तरी मला चाललं असतं. मी काय ते ठरवलं असतं. पण तुम्ही काही म्हणालाच नाहीत."

तेवढ्यात सांगलीची गाडी लागल्याचा पुकारा झाला असं मला वाटलं आणि मी पिशवी उचलली. ती फलटणची होती. तरी मी पिशवी खाली ठेवली नाही. तू माझ्यासाठी पाण्याची बाटली भरून आणलीस. कराडची गाडी आली, मी चढलो. खिडकीतून बोलेन असं ठरवलं होतं, पण जागा पलीकडच्या बाजूला मिळाली.

सासूबाईंना आल्याबरोबर सगळं सांगितलं. सकाळी उठून त्या मिरजेला बहिणीकडे गेल्या. चार दिवस राहीन म्हणाल्या. दारातून वळून म्हणाल्या, "आता घर मोकळं आहे. बसा शब्द शोधत." तुझ्यावर त्यांचा फार जीव आहे. त्यांनी तुला परस्पर लिहिलं असतं तर बरं झालं असतं असं मी म्हटलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "तिला माझा नको होता होकार. तिला अवधूतच्या बापाचा हवा होता."

माझ्या होकाराचा आता कोणाला उपयोग नाही. तरी लिहितो. तू लग्न करावंस असं मला वाटतं. मुकुलशी झालं असतं तर मला त्रास झाला असता आणि तो मी सोसला असता. पुढे आणखी कोणी भेटलं तर भेटेल, नाही तर नाही. महाबळेश्वरला एकटी राहणार असशील तर तसं राहा. माझ्या उत्तरासाठी थांबू नकोस. कधीच थांबायला नको होतंस, पण हे मी तुला सप्टेंबरात सांगायला हवं होतं आणि मी तुला तेरड्याबद्दल लिहिलं.

मुकुलला वेगळं पत्र लिहिणार होतो. त्याचं आता लग्न ठरलेलं आहे, त्या घरात माझं पत्र जाणं बरं नव्हे. म्हणून लिहीत नाही.

महाबळेश्वरला जाताना जाड रग घेऊन जा. अवधूतचा आहे इथे, पाठवू का ते कळव. नको असेल तर नको म्हणून कळव.

नळाला पाणी आलं आहे. सासूबाई नाहीत, तेव्हा आज मलाच भरायचं आहे. पत्र इथेच थांबवतो आणि हंडा लावतो.

बाबा